बाबांचा २०१२चा डेस्कटॉप: रॅम वाढवू की डबाच बदलू?

धायरीकर | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

बाबांकडे २०१२च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करतायत, त्याला आता सहा वर्षं होतील. नातेवाइकांकडच्या ट्रंकांमधून निघालेली मोडी पत्रं स्कॅन करायची, शेजारी देवनागरी लिप्यंतर टाइप करायचं, खाली वंशवृक्षाची फांदी. हल्ली मशीन इतकं रडतं की एक फाइल उघडायला लावून बाबा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून येतात, तरी तो गोल फिरतच असतो.

दुरुस्तीवाला मुलगा म्हणतो, "काका, रॅम वाढवा, पळेल." चुलतभाऊ म्हणतो, भंगारात द्या आणि नवीन घ्या. बाबा नवीनला तयार नाहीत, कारण त्यांचं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) चालतं आणि त्यांची बोटं त्याच कीबोर्डला बसलीयत.

आत्ता ४ जीबी आहे, ती १६ करू का? बजेट दोन हजार, फार तर अडीच.

तिरफळ | शनिवार, रात्री १०:३१

"मशीन रडतं" हे कॉन्फिगरेशन झालं का हो? मदरबोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, स्लॉट किती, विंडोज कुठलं? गाडीचं नाव न सांगता "आवाज येतोय, काय बदलू?" विचारण्यातला प्रकार आहे हा.

सोल्डरगन | शनिवार, रात्री १०:५८

तिरफळ, नवा माणूस आहे, जरा दमानं.

धायरीकर, डबा उघडायचीसुद्धा गरज नाही. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका. त्यात मेनबोर्ड टॅबवर बोर्ड आणि चिपसेट कळेल, मेमरी टॅबवर डीडीआर२ का ३ ते कळेल, आणि एसपीडी टॅबवर एकेक स्लॉट निवडला की त्यात किती जीबीची स्टिक बसलीय ते दिसेल. मग कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे इन्स्टॉल्ड मेमरीपुढे जे काही लिहिलंय ते कंसासकट इथे टाका. कंस महत्त्वाचा.

अजून एक. मशीन अडकतं तेव्हा कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा लाल दिवा बघा. लुकलुकतो की सलग जळत राहतो?

धायरीकर | शनिवार, रात्री ११:४०

बाबांना झोपेतून उठवलं नाही, पासवर्ड मला माहीत आहे.

चिपसेट एच६१. प्रोसेसर आय३-२१२०. डीडीआर३, दोनच स्लॉट, दोन्हींत २-२ जीबी. विंडोज ७, ३२-बिट. इन्स्टॉल्ड मेमरी: ४.०० जीबी (२.९१ जीबी वापरण्यायोग्य). दिवा सलग जळतो, आणि आतून कुरकुर कुरकुर आवाज.

शून्यएक | रविवार, सकाळी ७:१५

सापडला चोर. ३२-बिट.

३२ बिटांत जेवढे पत्ते मावतात तेवढे म्हणजे ४ जीबी. त्याच पत्त्यांमधून ग्राफिक्स, बायोस (बोर्डाचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) आणि बाकीच्या कार्डांनाही जागा द्यावी लागते. शिवाय तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसणार, म्हणजे ऑनबोर्ड ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं. उरले २.९१. आज तुम्ही १६ जीबी आणून खुपसली तरी ३२-बिट विंडोज ७ तुम्हाला तीनच्या आसपासच दाखवेल. दुरुस्तीवाल्या मुलाने हे विचारलं होतं का?

आणि ३२ वरून ६४ वर उडी मारता येत नाही, विंडोज नव्याने टाकावं लागतं. विंडोज ७ होम बेसिक असेल तर त्यातही मेख आहे: ६४-बिट असूनही ती आवृत्ती ८ जीबीच्या पुढे जात नाही. होम प्रीमियम १६ पर्यंत जाते.

तिरफळ | रविवार, सकाळी ७:५०

म्हणजे बाबांचे दोन हजार वाचले. धागा बंद करायचा का?

अनुस्वार | रविवार, सकाळी ८:२२

थांबा की. मला वेगळाच प्रश्न पडलाय. धायरीकर, बाबा स्कॅन किती डीपीआयला (इंचाला किती ठिपके) करतात?

माझं काम प्रूफं तपासण्याचं आणि पुस्तकं लावण्याचं, म्हणून विचारते. ए४ पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतात. दर पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक पान उघडल्यावर रॅममध्ये १०४ एमबी. डिस्कवर जेपेग करून ४ एमबीचं दिसत असेल, पण उघडलं की फुगतं. तशी आठ-दहा पत्रं एका फाइलमध्ये लावली की २.९१ मधून विंडोज वजा जाता काय उरतं बघा. मग मशीन हार्डडिस्कचा कोपरा रॅम म्हणून वापरायला लागतं आणि तुमची ती कुरकुर सुरू होते.

तेच पान ३०० डीपीआयला २६ एमबी होतं, म्हणजे चौथा हिस्सा. छपाईला ३०० भरपूर आहे. मूळ ६०० ची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, मोडीतले बारीक फराटे नंतर मोठे करून वाचायला लागतात. पण पानात लावायला ३०० ची प्रत घ्या. पैसे शून्य.

धायरीकर | रविवार, दुपारी १:०५

अनुस्वार ताई, बाबा १२०० ला करतात. "जास्त म्हणजे चांगलं" असं म्हणतात.

आणि मंडळी, एक घोळ झालाय. प्रतिसाद यायच्या आत मी सकाळीच पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन आलो. दोन स्टिक ४-४ जीबीच्या, तीनशेला एक. बसवल्या, बटण दाबलं, पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आणि बीऽऽप, बीऽऽप थांबतच नाही. जुन्या लावल्या की चालू होतं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. ते जास्त लागलं.

अनुस्वार | रविवार, दुपारी १:२०

१२००! म्हणजे एक पान ४०० एमबीच्या वर. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि तो आकडा आजच खाली आणा.

सोल्डरगन | रविवार, दुपारी २:४५

स्टिकवर बारीक अक्षरांचं स्टिकर असेल, ते जसंच्या तसं इथे टाका. आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या चिप मोजा.

धायरीकर | रविवार, दुपारी ३:१०

स्टिकर अर्धं खरवडलेलं. "पीसी३-१०६००" एवढं वाचता येतंय. चिप आठ आणि आठ, सोळा. कोपऱ्यात पेनाने "एएमडी" लिहिलंय, मला वाटलं कंपनीचं नाव.

सोल्डरगन | रविवार, दुपारी ३:३२

तेच ते. जुन्या डीडीआर३ मध्ये पैसे घालवायचा हा राजमार्ग आहे, आणि नवीन पाकिटातूनही विकतात, म्हणून सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो.

या स्टिकवरच्या चिपांची आतली रचना एक्स-४ असते, म्हणजे एक चिप एका वेळी चार बिट देते. एएमडीचे त्या काळचे कंट्रोलर ती वाचतात. इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर एक्स-८ आणि एक्स-१६च वाचतात. खाच जुळते, स्टिक बसते, पण बोर्डाला ती कळतच नाही. म्हणून स्वस्त. स्टिक खराब नाही, तुमच्या घरात तिला कोणी ओळखत नाही एवढंच.

स्टिकर असं वाचा. समजा "२आरएक्स८ पीसी३-१२८००यू" लिहिलंय. २आर म्हणजे दोन रँक, चिपांचे दोन गट. एक्स८ ही चिपची रचना, तुम्हाला हीच हवी. पीसी३ म्हणजे डीडीआर३. पीसी३एल असेल तर १.५ ऐवजी १.३५ व्होल्टवरही चालणारी. १२८०० म्हणजे १६०० चा स्पीड गुणिले ८ बाइट. तुमचा आय३-२१२० फार तर १३३३ ला चालवेल, त्यामुळे १६०० ची मिळाली तर घ्या, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: यू हवं. आर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम, तुमच्या बोर्डात मुळीच चालणार नाही. सर्व्हर भंगारात निघाले की या आरवाल्या स्टिक ढिगाने बाजारात येतात, ८ आणि १६ जीबीच्या, फुकटच्या भावात. भुलू नका.

वाफाळता चहा | रविवार, दुपारी ४:०१

वाचनखूण साठवली. घुसखोरीबद्दल माफी, पण माझ्याकडे जी३१ चिपसेट, डीडीआर२ ची २ जीबी आहे. ही एक्स-८ डीडीआर३ मला चालेल का? दोन्हींना २४० पिना असतात असं वाचलं.

सोल्डरगन | रविवार, दुपारी ४:१०

पिना सारख्या, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट फोडाल. जी३१ ची मजल ४ जीबीपर्यंतच. मुलांच्या टायपिंग क्लासपुरतं ठेवा त्याला, पैसे घालू नका.

नारायणपेठी | रविवार, सायं. ५:४८

अवांतर: जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलात हीच चूक. बुधवारी दुपारी जावं, गर्दी कमी, माणूस बोलायला मोकळा असतो. मी तिथून व्हॉल्व्हचा रेडिओ आणलाय, अजून वाजतो. पण कॉम्प्युटरचा माल तिथून घ्यायचा तर केबल, कॅबिनेटचे स्क्रू आणि कीबोर्ड. ज्याला पिना आहेत ते चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नये.

रॅमसाठी बुधवार पेठेत जा. पासोड्या विठोबाच्या आसपास अजून दोन-चार जण आहेत, टेबलावर उघडा बोर्ड मांडून बसलेले. स्टिक लावून, चालू करून दाखवतात आणि मगच पैसे घेतात. गाडी मात्र लांब लावा आणि चालत या.

तिरफळ | रविवार, सायं. ६:१५

नारायणपेठेतून बुधवार पेठेत चालत जाणं सोपं आहे हो. माणूस धायरीहून येणार आहे, सिंहगड रस्त्याने.

धायरीकर | बुधवार, रात्री ९:२०

अपडेट. आज अर्धी सुट्टी टाकली.

आधी जुना बाजार. विक्रेता म्हणाला, "रॅम परत नाही घेत दादा, पण बदल्यात काहीतरी घेऊन जा." दोन स्टिक देऊन एक माउस आणि तीन मीटरची व्हीजीए केबल घेऊन निघालो. माउस चालतो.

मग बुधवार पेठ. नारायणपेठी म्हणाले तसाच टेबलावर उघडा बोर्ड. मी "२आरएक्स८, यू, इंटेलला" एवढंच म्हटलं, तर त्या माणसाने खालचा खोका सारून मागचा खोका काढला. दोन खोके असतात त्यांचे! ४-४ जीबीच्या दोन सारख्या स्टिक, साडेसहाशेला एक, महिनाभराची तोंडी गॅरंटी. ८ जीबीची एकेक मागितली तर भाव दुपटीहून वर गेला, म्हणून ४+४ वर थांबलो. नव्या डीडीआर४ आणि ५ चे भाव एआयच्या डेटा सेंटरांमुळे वर गेलेत, तेव्हापासून जुन्यालाही गिऱ्हाईक वाढलंय असं त्याचं म्हणणं. खरंखोटं तो जाणे.

घरी डबा उघडला. पंख्यावर धुळीचं बोटभर गोधडं, आणि हार्डडिस्कच्या मागे पालीची दोन अंडी. एक फुटलेलं, एक तसंच. आई खोलीतून निघून गेली.

रॅम लावली. बीऽऽप.

सोल्डरगन | बुधवार, रात्री ९:३५

घाबरू नका, निम्म्या वेळा पहिल्यांदा असंच होतं. केबल काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. मग स्टिक काढून तिच्या सोनेरी दातांवर साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा जाईल. कण फुंकू नका, थुंकी उडते. कोरड्या ब्रशने झटका, स्लॉटमधूनही ब्रश फिरवा.

बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबा. दोन्हीकडच्या पांढऱ्या कड्या आपोआप वर येऊन 'टक्' असा आवाज यायला हवा. तुम्हाला एकच 'टक्' आला असेल.

धायरीकर | बुधवार, रात्री १०:०८

एकच आला होता.

बायोसमध्ये ८१९२ एमबी दिसतंय!! खोडरबर बाबांनी त्यांच्या कंपासमधला दिला आणि एक स्टिक त्यांनीच घासली. खोडरबर काळा झाला.

शून्यएक | बुधवार, रात्री १०:३०

अभिनंदन. आता लगेच कामाला जुंपू नका. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एक जरी लाल ओळ आली तरी स्टिक परत. रॅम किंचित खराब असेल तर मशीन चालतं, पण फाइली गुपचूप सडतात. सहा वर्षांचा कुलवृत्तांत आहे, त्याची एक प्रत आज रात्रीच बाहेरच्या डिस्कवर काढा.

आता ६४-बिटचं बघू. ते डोंगल ६४-बिटवर चालतं का?

धायरीकर | गुरुवार, सकाळी ८:४०

मेमटेस्ट दोन फेऱ्या, शून्य चुका. आमच्याकडे गुरुवारी वीज जायची शक्यता म्हणून पहाटेच उठून बघितलं.

डोंगलचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला, "आता नवीन आवृत्ती घ्या" म्हणाले, किंमत ऐकून ठेवून दिला. म्हणजे रॅम आहे आणि वापरता येत नाही. पगार झाला आणि एटीएम बंद.

शून्यएक | गुरुवार, सकाळी ९:१२

डिस्क पुसू नकाच. जुनी हार्डडिस्क आहे तशी राहू द्या, ३२-बिट विंडोज आणि डोंगलसकट. शेजारी एक छोटी साटा (डिस्क जोडायची नेहमीची वायर) एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपांची डिस्क, लावा आणि तिच्यावर ६४-बिट सिस्टीम टाका. टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून हात लागायचा नाही. नंतर दोन्ही जोडा आणि चालू करताना बूट मेनूतून पाहिजे ती निवडा. काही बोर्डांवर एफ११, काहींवर एफ१२.

एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे एसएसडी पाकिटावरच्या वेगाच्या निम्म्यानेच पळेल. तरी त्या कुरकुरणाऱ्या डिस्कपुढे हरीण आहे. महाग मॉडेल घेऊ नका.

तिरफळ | गुरुवार, सकाळी ९:४०

आणि त्या एसएसडीवर टाकणार काय? विंडोज ७ चे अपडेट २०२० च्या जानेवारीत संपले. १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. ११ या प्रोसेसरला दारातच अडवतं, आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलला प्रवेश नाही. म्हणून म्हणत होतो, भंगार.

शून्यएक | गुरुवार, सकाळी ९:५५

लिनक्स मिंट, विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम. ८ जीबीत आरामात. स्कॅनिंग, फोटो कापणं, इंटरनेट, ईमेल सगळं तिथे. जुन्या विंडोजवर फक्त डोंगलचं टायपिंग, आणि तेव्हा नेटची केबल काढलेली. अपडेट नसलेलं मशीन नेटवर सोडू नये.

भंगारच काढायचं तर निदान 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या लोकांना ई-कचरा म्हणून द्या. पण अजून वेळ आलेली नाही.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी १०:३०

शून्यएकला +१. पण बाबांना लिनक्स द्यायच्या आधी त्यांना विचारा हो कोणीतरी. धाग्यात सगळे त्यांच्याबद्दल बोलतायत.

धायरीकर | रविवार, रात्री ८:५०

विचारलं. "कीबोर्ड हाच राहणार ना?" एवढा एकच प्रश्न आला.

एसएसडी लावली, बजेट अडीचच्या थोडं वर गेलं, आईने फरक भरला. मिंटवर आज बाबांनी बारा पत्रं एकदम उघडली, ६०० ची. रॅम साडेतीन जीबीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. लाल दिवा अधूनमधून लुकलुकतो फक्त. पानात लावायच्या प्रती ३०० ला आणल्यात. अनुस्वार ताईंचं नाव सांगितल्यावर ऐकलं, मी सांगत होतो तेव्हा नाही.

बाबांनी इथे खातं काढलंय. खाली लिहितील.

वंशवृक्ष | रविवार, रात्री ९:३५

सर्वांना सप्रेम नमस्कार. चिरंजीवांनी माझ्या यंत्राची इतकी जाहीर चर्चा केलेली आज वाचली. पाणी घालायला मी मुद्दाम उठतो, डोळ्यांना विश्रांती म्हणून. असो.

प्रश्न असा. माझी २४० पाने जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ती या नव्या व्यवस्थेत उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पुन्हा टाइप करायचे वय राहिले नाही. मार्ग आहे का?

अनुस्वार | रविवार, रात्री ९:५८

आहे काका. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून चालत, म्हणून फॉन्ट नसला की चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या लिपी-संकेतात, नेणारे कन्व्हर्टर असतात, पण दर फॉन्टचा वेगळा, म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव लागेल. दोन ठिकाणी हाताने तपासावं लागतं. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. आणि रफार, तो तर हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो.

यासाठी वेगळा धागा काढा, इथे रॅमच्या खाली हरवेल. नमुन्याला एक पान टाका, म्हणजे फॉन्ट ओळखता येईल.

वंशवृक्ष | रविवार, रात्री १०:२०

काढतो. पहिले पान मात्र देत नाही, त्यात मंगलाचरण आहे आणि ओळीला चार रफार आहेत. सातवे देतो. त्यात फक्त नावे आणि शके आहेत.